एल ४–एल ५ ची कृत्रिम चकती आणि ट्रॅक्टरची सीट

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ३९ वर्षांचा, केज तालुक्यात शेती, स्वतःचा ट्रॅक्टर आणि हंगामात दुसऱ्यांची नांगरट-पेरणी. दोन वर्षांपासून कंबर धरते, पायात कळ जवळजवळ नाही. एमआरआयमध्ये एल ४–एल ५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी (चकती) काळी पडून बसलेली. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी कृत्रिम चकती बसवायला सांगितलं, छत्रपती संभाजीनगरातले दुसरे म्हणाले, स्क्रू-रॉड घालून ते दोन मणके कायमचे जोडून टाकू. तुम्ही विचारता: ही चकती खऱ्या चकतीसारखी चालते का, धक्का शोषते का, आणि भाऊ पुन्हा ट्रॅक्टरवर बसेल का?

आधी उत्तर सांगतो. ट्रॅक्टरवर बहुधा बसेल, दोन्हीपैकी कुठलंही ऑपरेशन नीट झालं तरी. पण कृत्रिम चकती खऱ्यासारखी चालत नाही. ती वाकणं परत देते. वाकताना खरी चकती जो विरोध करत असते, तो मात्र ती परत देत नाही. तो विरोध मग मणक्याच्या मागच्या बाजूच्या दोन लहान सांध्यांना, उरलेल्या अस्थिबंधांना (हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांना) आणि स्नायूंना करावा लागतो. ही मंडळी धड असतील तर कृत्रिम चकती चांगलं काम देते. नसतील तर ती कितीही महागडी असली तरी दुखणं एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचा निकाल चकतीच्या ब्रँडवर कमी आणि भावाच्या मणक्याच्या मागच्या बाजूवर जास्त अवलंबून आहे. तिचा फोटो एमआरआयमध्ये नीट येत नाही आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत सीटी स्कॅन दिसत नाही.

आता हे असं का, ते पाहू. सुरुवात भारापासून करावी लागेल, कारण कंबरेवर किती वजन येतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

ट्रॅक्टरची बॅटरी धरा, साधारण २० किलो. वाकून ती उचलताना कंबरेच्या मणक्यापासून हाताभरावर, म्हणजे ४० सेंटिमीटरवर आहे असं समजा. एक किलो वजन म्हणजे सुमारे १० न्यूटन; २०० न्यूटन गुणिले ०.४ मीटर, म्हणजे ८० न्यूटन-मीटरचा पुढे पाडणारा पीळ झाला. त्यात माणसाचं स्वतःचं धड आलंच: डोकं, हात, छाती मिळून ४० किलोच्या आसपास, आणि वाकल्यावर त्याचा मध्य सुमारे २० सेंटिमीटर पुढे. आणखी ८०. हा १६० न्यूटन-मीटरचा पीळ तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या केंद्रापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. एवढ्याशा तरफेवर तोल सांभाळायचा तर त्यांना ३२०० न्यूटनांनी ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ चकतीवर दाब बनून उतरते. वरून धड आणि बॅटरीचं वजन आहेच. एकूण साडेतीन हजार न्यूटनच्या वर, म्हणजे साडेतीनशे किलोहून जास्त. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, निऑशने, एल ५–एस १ वर (पाचवा मणका आणि त्याखालचं तिकोनी हाड, त्रिकास्थी, यांच्यामधल्या चकतीवर) कामगारासाठी धरलेली मर्यादा ३४०० न्यूटन आहे. २० किलोच्या बॅटरीनेच ती ओलांडली.

हे नुसतं कागदी गणित नाही. जर्मनीत उल्म इथल्या विल्के यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या एल ४–एल ५ चकतीत दाबमापक घालून प्रत्यक्ष मोजलं. निजल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. तेच गुडघे मोडून उचललं तर १.७, आणि वजन छातीशी धरून उभं राहिलं तर १.१. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो. माणूस एकच होता हे खरं, पण आकडे आधीच्या आणि नंतरच्या मापनांशी बऱ्यापैकी जुळतात. आपल्याकडे बायका डोक्यावर हंडा आणि ऊसतोडीला गेलेली माणसं डोक्यावर मोळी वाहतात, तेव्हा बघणाऱ्याला कंबरेची काळजी वाटते. पण डोक्यावरचं वजन मणक्याच्या रेषेत असतं, त्याला तरफ जवळजवळ मिळत नाही. कंबर जाते ती मोळी जमिनीवरून उचलताना आणि गाडीत वर देताना.

खरी चकती हा भार दोन भागांनी सोसते. मधे पाणीदार गर, तरुणपणी ८० टक्क्यांहून जास्त पाणी. भोवती कडं, त्यात १५ ते २५ थर. प्रत्येक थरातले तंतू आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांनी तिरके आणि लगतच्या थरात उलट दिशेने तिरके. ट्रॅक्टरच्या टायरमधल्या दोऱ्यांची मांडणी साधारण याच तत्त्वावर असते. दाब आला की गर बाहेरच्या बाजूला ढकलतो, तंतू ताणले जातात आणि भार तोलला जातो. कंबर पिळली की अर्धे थर ताणतात, अर्धे सैल पडतात. पुढे वाकलं की मागचे ताणतात. यामुळे चकती प्रत्येक दिशेला थोडं जाऊ देते आणि जितकं पुढे जाल तितकी जास्त अडवते. एल ४–एल ५ ला पुढे-मागे मिळून साधारण १६ अंश मिळतात, पण पिळण्याला जेमतेम २. तो २ अंशांचा कडक पहारा कडं आणि मागचे सांधे मिळून देतात.

येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये या वागणुकीला एक उपयोगी चौकट दिली. सांध्याच्या मधल्या भागात एक पट्टा असतो, तिथे अगदी कमी जोरात हालचाल होते. त्याच्या बाहेर विरोध झपाट्याने वाढतो. चकती झिजली की हा सैल पट्टा रुंदावतो. एकूण वाकणं वाढलेलं नसतं, कधी कमीच झालेलं असतं, पण मधे ढिलाई येते. ज्या रुग्णाचा एक्स-रे 'हालचाल नॉर्मल' म्हणतो आणि जो खुर्चीतून उठताना भिंत धरतो, त्याचं कोडं बरंचसं या ढिलाईत असतं.

आता कृत्रिम चकतीकडे. कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या फर्नस्ट्रोम यांनी साठच्या दशकात चकतीच्या जागी चक्क स्टीलचे गोळे बसवले. गोळा मणक्याला टेकतो तो एका बिंदूवर. त्यामुळे ते हाडात रुतले. पुढच्या सगळ्या रचनांनी हाडाला टेकणारी प्लेट रुंद ठेवायचा धडा इथूनच घेतला. १९८४ मध्ये पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कारिन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनाक यांची चकती पहिल्यांदा बसवली गेली. ब्यूटनर-यान्झ म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं मिळवलेल्या कारिन यान्झ. कंबर किती वाकू शकते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. रुग्णालयावरूनच 'शारिते' म्हटल्या जाणाऱ्या या चकतीला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, फ्रान्सच्या मार्ने यांच्या प्रोडिस्क-एलला २००६ मध्ये आणि अ‍ॅक्टिव्हएलला २०१५ मध्ये. शारिते आता बाजारात नाही, पण तिचं यंत्रशास्त्र समजलं तर बाकीचं समजतं.

बहुतेक चकत्यांत वर-खाली कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या दोन प्लेटा आणि मधे कडक पॉलिथिलीन, म्हणजे प्लास्टिक. फरक मधल्या तुकड्यात आहे. प्रोडिस्कमध्ये तो खालच्या प्लेटमध्ये पक्का बसवलेला घुमट असतो आणि वरची प्लेट त्यावर फिरते. म्हणजे फिरण्याचं केंद्र ठरलेलं. शारितेत तो दोन्हीकडून फुगीर आणि मोकळा होता, वाकताना मागे-पुढे सरकायचा; केंद्रही सरकायचं. अ‍ॅक्टिव्हएल मधली वाट धरते, तुकडा फक्त पुढे-मागे थोडा सरकतो.

हा फरक नुसता कारखान्यातला वाटेल, पण भावाच्या कंबरेत त्याचा अर्थ मोठा आहे. निरोगी एल ४–एल ५ मध्ये वाकण्याचं केंद्र चकतीच्या मागच्या अर्ध्या भागात, खालच्या मणक्याच्या पृष्ठभागाजवळ असतं, आणि वाकता वाकता काही मिलिमीटर इकडेतिकडे फिरतं. मागच्या दोन सांध्यांचे पृष्ठभाग याच फिरण्याला जुळून घडलेले असतात. आता तिथे ठरलेल्या केंद्राचा घुमट बसवला. वरचा मणका त्या केंद्राभोवती वर्तुळात फिरणार. पुढे वाकला की थोडा पुढेही सरकणार, आणि किती सरकणार हे घुमटाची त्रिज्या ठरवणार. मागचे सांधे मात्र त्यांच्या स्वतःच्या वाटेने जाऊ पाहतात. दोन वाटा जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर दर वाकण्याला सांध्यांची टोकं एकमेकांवर घासतात किंवा फाकतात. यात धातू जिंकतो; सांध्यावरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, हरते.

मग मोकळा तुकडाच बरा, असं वाटेल. तो वाटेचं भांडण टाळतो हे खरं. पण मणक्याला पुढे घसरवणारा जोर तो अडवत नाही. एल ५–एस १ ला हे सगळ्यात जास्त जाणवतं, कारण त्रिकास्थीचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास उतरता असतो. धडाचे ४०० न्यूटन त्या उतारावर आले की त्यातले सुमारे २५० न्यूटन पुढे घसरवायलाच खर्च होतात. पूर्वी तो जोर कडं आणि मागचे सांधे वाटून घेत. कड्याचा पुढचा भाग ऑपरेशनमध्ये काढला, मधला तुकडा सरकता, मग उरले मागचे सांधे. घुमटवाली चकती हा जोर स्वतःवर घेते, पण त्या बदल्यात तो हाडात रोवलेल्या प्लेटवर उतरतो. कुठलीही रचना निवडा, हा भार कुणाच्या तरी माथी जातोच. तुमच्या भावाचा प्रश्न एल ४–एल ५ चा आहे, तिथे उतार बराच कमी असतो. त्याचं नशीब एवढं तरी चांगलं.

पिळण्याचं काय? इथे सगळ्याच गोल पृष्ठभागांच्या चकत्या जवळपास सारख्या आहेत: पिळाला त्या काहीच विरोध करत नाहीत. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या मणक्यावर चकती बसवून पाहिलं की वाकणं सहसा मूळच्या जवळ येतं, पिळणं मात्र मूळपेक्षा वाढतं. कारण साधं आहे. चकती बसवायला पोटाच्या बाजूने जावं लागतं, त्यात पुढचा लांब अस्थिबंध आणि कड्याचा पुढचा भाग कापला जातो, आणि तिरक्या तंतूंचा तो पहारा परत येत नाही. मागचे सांधे निरोगी असतील तर ते पीळ रोखतात. त्यांची कूर्चा आधीच झिजलेली असेल तर ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी माणूस येतो आणि सांगतो, कंबरेची जुनी कळ गेली पण मागे दोन बोटं बाजूला नवी कळ आली. मी अशा रुग्णांना तपासलं आहे. त्यांच्या जुन्या फिल्म मागवल्या की बहुतेक वेळा तिथेच सांध्याची झीज दिसते. मणके जोडणाऱ्या ऑपरेशनमध्ये हा त्रास होत नाही, कारण त्या पातळीचे मागचे सांधे हलतच नाहीत.

चकती धक्का शोषते का, हा तुमचा दुसरा प्रश्न. विक्रीच्या पत्रकात तसं लिहिलेलं असतं. कडक पॉलिथिलीन रोजच्या भाराला दबत नाही म्हटलं तरी चालेल. धातूवर धातू आणि धातूवर पॉलिथिलीन अशा दोन चकत्यांची प्रयोगशाळेत तुलना झाली, तेव्हा पोचणाऱ्या धक्क्यात फरक आढळला नाही. लवचीक गाभ्याच्या नव्या चकत्या आहेत, त्या थोडं दबतात. पण लवचीक पदार्थ वर्षानुवर्षं लाखो वेळा दाबला की त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच असतो. मात्र खरी चकतीसुद्धा लोक समजतात तेवढा धक्का शोषत नाही. बरंचसं काम कंबरेचा बाक, स्नायू, गुडघे आणि मणक्याचं जाळीदार हाड करतात. त्यामुळे धक्क्याच्या कारणावरून मी चकतीच्या बाजूने मत देत नाही आणि विरुद्धही देत नाही.

झिजेची चाचणी कशी होते तेही कळलेलं बरं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रात चकती १ कोटी वेळा वाकवतात-पिळतात, ६०० ते २००० न्यूटनच्या चढउतार करणाऱ्या भाराखाली. पुढे ६ अंश, मागे ३, बाजूला आणि पिळण्याला २-२. सेकंदाला एक फेरी धरली तरी यंत्र पावणेचार महिने अखंड चालतं. नितंबाच्या कृत्रिम सांध्याच्या मानाने कंबरेतल्या चकतीची झीज कमी येते, हालचाल लहान असल्यामुळे. पण वरचं गणित आठवा: बॅटरी उचलताना भार साडेतीन हजारांवर जातो. नुसतं दाबून तुटण्याची चाचणी वेगळी असते, तिथे या चकत्या याच्या कितीतरी पट सोसतात, त्यामुळे मोडण्याची भीती बाळगू नका. मला एवढंच म्हणायचं आहे, की झिजेच्या चाचणीतला माणूस चालतो, उठतो, बसतो. मोंढ्यातला हमाल किंवा दिवसभर कोयता चालवणारा माणूस त्यात नाही.

खरी भीती वेगळी आहे. मणक्याचा वरचा-खालचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा मजबूत नसतो. कडेला, विशेषतः मागच्या दोन कोपऱ्यांत, तो घट्ट असतो. मधे सगळ्यात कमजोर. प्लेट लहान पडली, कडेपर्यंत पोचली नाही, तर मऊ मधल्या भागात रुतते. रुतली की उंची जाते, बाक बदलतो आणि केंद्र हलतं. म्हणून बसेल तेवढी मोठी प्लेट घ्यावी, पण उंची मात्र बेताची. उंच चकती घालून फट जास्त ताणली की अस्थिबंध तटतटतात, मागचे सांधे उघडे पडतात, नस ओढली जाते. हालचालीसाठी घातलेली चकती हलेनाशी होते. पुढे-मागे बसवण्याचंही तसंच. चकती मध्यापासून थोडी मागे हवी, शारितेसाठी मध्याच्या २ मिलिमीटर मागे ही जागा चांगली मानली जायची. पुढे राहिली तर हालचाल घटते आणि सांध्यांवरचा भार बिघडतो. ऑपरेशन टेबलावर हे सगळं एक्स-रेच्या पडद्यावर पाहून ठरतं, आणि इथे सर्जनच्या हाताची सवय जितकी मोजते तितकं चकतीचं मॉडेल मोजत नाही.

हाडाच्या मजबुतीसाठी डेक्सा तपासणी करून घ्या. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे १ च्या खाली असलेल्यांना प्रोडिस्क-एल बसवू नये, असं तिच्या अमेरिकी सूचनापत्रातच आहे. भाऊ तरुण पुरुष आहे, अहवाल बहुधा चांगला येईल. आपल्या भागासाठी एक गोष्ट मात्र जोडतो. नांदेड जिल्ह्यात आणि इतरत्रही काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. फ्लोराईडने हाड डेक्सावर घट्ट दिसतं पण ठिसूळ असतं, आणि अस्थिबंध कडक होत जातात. अशा कंबरेत हलणारी चकती बसवण्यात अर्थ नसतो. दुसरं, गुरांत वावरणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसाची कंबर महिनोन्महिने दुखत असेल, संध्याकाळी अंग मोडून ताप येत असेल, तर ब्रुसेलोसिस आणि मणक्याचा टीबी आधी रक्ततपासणीने आणि एमआरआयने बाजूला काढावा. संसर्गाच्या जागेवर धातू बसवू नये, ही गोष्ट सगळ्या यंत्रशास्त्राच्या वरची.

आता स्नायूंबद्दल, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. स्नायू काढून टाकलेला, नुसत्या हाडा-अस्थिबंधांचा कंबरेचा कणा सरळ खाली १०० न्यूटनच्या आसपासच्या भारालाच कलंडतो. १० किलो! जिवंत माणूस मग उभा कसा राहतो? शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या अविनाश पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की भार कण्याच्या बाकाच्या वाटेने, प्रत्येक मणक्याच्या मधून जात राहिला तर तोच कणा १२०० न्यूटन सहज पेलतो. जिवंत माणसात ही वाट राखण्याचं काम मणक्याला लागून असलेले खोल स्नायू करतात. कृत्रिम चकती स्वतः काही अडवत नसल्यामुळे तिला या स्नायूंची गरज खऱ्या चकतीपेक्षा जास्त असते. चकती पोटाकडून बसवतात, पाठीचे स्नायू सोलावे लागत नाहीत, हा तिचा मोठा फायदा आहे आणि माझ्या मते तो हालचाल टिकण्याइतकाच महत्त्वाचा आहे. पाठीकडून स्क्रू घालून जोडताना हेच स्नायू बाजूला ओढावे लागतात. पण दोन वर्षं पट्टा बांधून खाटेवर पडलेल्या माणसाचे हे स्नायू एमआरआयवर चरबीने भरलेले दिसतात, आणि मग पोटाकडून जाऊन वाचवणार काय? भावाच्या फिल्मवर आडव्या छेदात पाठीचे स्नायू काळे-करडे आहेत की पांढऱ्या रेघांनी भरलेत, हे कुणाला तरी बघायला सांगा.

पोटाकडून जाण्याची दुसरी बाजूही ऐका. एल ४–एल ५ च्या अगदी पुढ्यात पोटातली मोठी धमनी दोन भागांत फुटते आणि पायांकडून येणाऱ्या मोठ्या शिरा एकत्र येतात. त्या बाजूला सारून काम करायचं असतं, त्यासाठी रक्तवाहिन्यांचा सराव असलेला सर्जन टेबलापाशी हवा. पुरुषांत तिथल्या बारीक नसांना इजा झाली तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाण्याचा धोका असतो. भावाला अजून मूल हवं असेल तर हे आधी बोलून घ्या. पुन्हा उघडायची वेळ आली तर त्या शिरा जखमेच्या वणात चिकटलेल्या असतात, आणि ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा फार अवघड असते. चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढे चाळीस वर्षं काढायची आहेत, तेव्हा हा विचार आजच व्हायला हवा.

जोडण्याबद्दल लोकांच्या मनात उगाच धसका आहे. कंबरेच्या पाचही पातळ्यांचं पुढे-मागे वाकणं मिळून ७० अंशांच्या वर जातं. एल ४–एल ५ जोडला तर त्यातले १५-१६ जातात, आणि झिजलेल्या पातळीवर ते बरेचसे आधीच गेलेले असतात. खाली वाकण्याचं निम्म्याच्या आसपास काम नितंबाचे सांधे करतात. एक पातळी जोडलेला माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, पंगतीत जेवतो. आणि चकती बसवली तरी १६ अंश परत येत नाहीत. प्रोडिस्कच्या रुग्णांत काही वर्षांनी मोजलेली हालचाल सरासरी ७ ते ८ अंश आहे.

जोडण्याविरुद्धचा खरा मुद्दा शेजारच्या चकतीचा. एक पातळी थांबली की वाकण्याचा वाटा वर-खाली सरकतो. प्रोडिस्क-एलच्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनी शेजारच्या पातळीची एक्स-रेवरची झीज चकतीवाल्यांत ९.२ टक्के आणि जोडलेल्यांत २८.६ टक्के आढळली. फरक मोठा आहे. पण शेजारच्या पातळीवर प्रत्यक्ष पुन्हा ऑपरेशन लागलं ते १.९ आणि ४ टक्क्यांना. एक्स-रे बिघडणं आणि माणूस बिघडणं यातलं हे अंतर लक्षात ठेवा. शिवाय शेजारची झीज वयाने आणि घराण्यानेही होते, सगळं खापर स्क्रूवर फोडता येत नाही.

आणि अजून एक तिसरा पर्याय आहे, तो तुम्हाला दोघांपैकी कुणीच सांगितलेला दिसत नाही. नॉर्वेत १७३ रुग्णांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना प्रोडिस्क बसवली आणि निम्म्यांना अनेक तज्ज्ञांनी मिळून दिलेलं सघन पुनर्वसन दिलं. दोन वर्षांनी चकतीवाले पुढे होते, १०० च्या मोजपट्टीवर ८.४ गुणांनी. मात्र तो फरक संशोधकांनीच आधी ठरवलेल्या १० गुणांच्या अर्थपूर्ण फरकापेक्षा कमी पडला. इथे पुनर्वसन म्हणजे दहा दिवस शेक आणि मशीन नव्हे. रोज काही तास, आठवडेच्या आठवडे, व्यायाम आणि कामावर परतण्याची तयारी. भावाने असं काही केलेलं नाही. काळ्या गादीची धास्तीही थोडी कमी करा: काहीही न दुखणाऱ्या तिशीतल्या माणसांच्या एमआरआयत ५२ टक्क्यांना आणि चाळिशीतल्यांत ६८ टक्क्यांना चकतीची झीज दिसते. दुखणं तिथूनच येतंय का, हे फिल्म पाहून ठरत नाही.

म्हणून माझं मत. आधी सीटी स्कॅन, एल ४–एल ५ च्या मागच्या सांध्यांसाठी. उभ्याने वाकवून आणि मागे झुकवून काढलेले एक्स-रे, मणका पुढे सरकत नाही ना हे पाहायला. मग डेक्सा. तीन-चार महिने खरं पुनर्वसन. त्यानंतरही दुखणं तसंच राहिलं, सांधे निरोगी निघाले, मणका सरकलेला नसला, स्नायू बरे असले, तर पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. सांध्यांत झीज दिसली किंवा मणका पुढे सरकलेला असला तर संभाजीनगरचे डॉक्टर बरोबर. दोघंही आपापल्या जागी चुकीचं बोलत नाहीत. सीटी नसताना कुणीच नक्की बोलू शकत नाही.

ट्रॅक्टरबद्दल शेवटी, कारण पोट त्यावर आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ वेळांच्या हादऱ्याला सगळ्यात जास्त थरथरतो, आणि ढेकळांतून चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे नेमके त्याच्या आसपास असतात. त्यातून नांगरटीला माणूस नांगराचं तास (नांगरलेली ओळ) पाहायला सारखा मागे वळतो. बसलेला, पुढे झुकलेला, पिळलेला आणि हादरणारा, चारही गोष्टी एकाच वेळी. मागच्या सांध्यांना याहून वाईट काम शोधून सापडणार नाही, आणि पीळ न रोखणारी चकती बसवलेल्या माणसाला तर ते दुप्पट लागू आहे. चकती बसवली तर पहिले तीन महिने मागे झुकणं आणि पिळणं बंद, कारण पुढचा अस्थिबंध कापलेला असतो आणि हाड प्लेटला धरायला वेळ लागतो. रस्त्यावर ट्रॅक्टर त्यानंतर, नांगरट मी सहा महिन्यांच्या आत करू देत नाही. स्प्रिंग आणि शॉकअप चालू असलेली सीट बसवा, तिचं वजनाचं सेटिंग भावाच्या वजनाला लावा. बहुतेक ट्रॅक्टरांवर ते शोरूममधून आलं तसंच असतं. दोन्ही मडगार्डवर मोठे आरसे लावा. मागे बघायचंच असेल तर एक पाय आत घेऊन कमरेखालून वळायचं, खांद्याने नाही. अवजार जोडताना पिनेपर्यंत ट्रॅक्टर नीट मागे घ्यायचा, अवजार ओढून जुळवायचं नाही. ते काम दुसऱ्याला सांगा. सीटी झाला की दोन्ही बाजूंच्या सांध्यांचे आडवे छेद पाठवा, त्यावरून पुढचं बोलू.